वाकडं शिवायचं म्हणजे

डोळ्यांवर काळा चष्मा चढवून आई सोफ्यावर बसली होती आणि सुई माझ्या हातात होती. आमच्या घरात ही उलटी गंगा. नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत तिनं चाळीस वर्षं ब्लाऊज शिवले, परकर शिवले, साड्यांना फॉल-पिको केलं. त्या चाळीस वर्षांत माझा हातभार काय, तर सुईत दोरा ओवून देणं. तोही थुंकी लावून, म्हणून बोलणी खात.

२०२४ चा ऑक्टोबर. मोतीबिंदू केव्हाचा पिकला होता, पण पितृपक्षात डोळ्याला हत्यार लावायचं नाही म्हणून तिनं तारीख पुढं ढकलत नेली. २ ऑक्टोबरला सर्वपित्री झाली, दुसऱ्या दिवशी घट बसले आणि त्या आठवड्यात एकदाचं ऑपरेशन झालं. मग महिनाभर थेंब. सुरुवातीचे दिवस डोक्यावरून अंघोळ नाही, खाली वाकायचं नाही, डोळ्याला ताण पडेल असं बारीक काम नाही. विश्रांतीसाठी ती माझ्याकडे कोथरूडला आली. येताना एका पिशवीत कपडे आणि दुसऱ्या पिशवीत चिंध्यांचं बोचकं. ‘हे कशाला?’ म्हटलं तर म्हणाली, ‘असू दे, वेळ जात नाही.’

आणि नेमकं त्याच वेळी लेकीनं फर्मान काढलं. सोसायटीत हॅलोविन आहे, मला भोपळ्याची उशी पाहिजे. विकतची नको, हातानं शिवलेली पाहिजे. आणि ‘रस्टिक’ पाहिजे.

‘रस्टिक म्हणजे?’ आईनं विचारलं.

‘गावठी,’ मी म्हटलं. ‘जरा खडबडीत. कापड जुनं दिसायला हवं, वर ठिगळ लावल्यासारखं. टाके दिसले पाहिजेत, तेही वाकडेतिकडे. कडांना दशा सुटलेल्या.’

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आणि असल्याला पैसे देतात लोक?’

‘बऱ्यापैकी देतात.’

‘मग मी एवढी वर्षं…’ वाक्य तिनं तिथंच सोडलं आणि टीव्ही लाव म्हणाली. तिला टीव्ही बघायचा नव्हता, ऐकायचाच होता.

मला मात्र मनातून आनंद झाला होता. वाकडंतिकडं शिवणं ही एकच कला मला उपजत येते. शाळेत शिवणाच्या तासाला मी केलेला रुमाल बाईंनी सगळ्या वर्गाला दाखवला होता, कसा करू नये म्हणून. त्या रुमालाला पहिल्यांदाच चांगले दिवस येणार होते.

कापड आणलं रविवार पेठेतून, मांजरपाट. उशीसाठी याच्यासारखं कापड नाही. जाड, बिनरंगी, मधूनमधून सरकीचे काळे ठिपके राहिलेले. गावठी दिसण्यासाठी त्याला वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत. पण कोरा मांजरपाट खळीनं असा ताठ असतो की टेबलावर उभा राहील, आणि खळ निघाल्याशिवाय त्यावर कुठलाही रंग धड चढत नाही. ‘गरम पाण्यात साबण घालून धू, दोनदा. आटेल तेवढा आटू दे, मगच बेत,’ आईनं सोफ्यावरून सांगितलं. आधी आटवून न घेतलेली खोळ पहिल्या धुण्यानंतर उशीवर बसेनाशी होते.

मग तो चहात बुडवायचा. आईसाठी हा पहिला धक्का. वाटीभर चहापूड चार लिटर पाण्यात उकळली, गाळली आणि त्यात कापड चुरगाळून रात्रभर ठेवलं. चुरगाळायचं अशासाठी की रंग सारखा बसू नये, जुन्या पेटीत पडून राहिल्यासारखे डाग दिसावेत. ‘पांढऱ्या साडीवरचा चहाचा डाग निघत नाही म्हणून बायका रडत यायच्या माझ्याकडे,’ आई म्हणाली, ‘तिथं मोठं फूल भरून द्यायचे मी. आणि तू मुद्दाम डाग पाडतेस.’

पातेलं पुरेना, म्हणून उरलेलं कापड आणि उरलेला चहा मी लोखंडी कढईत ओतला. सकाळी बघते तर पातेल्यातलं कापड मस्त बिस्किटी रंगाचं आणि कढईतलं राखेसारखं काळपट. मला वाटलं, गेलं वाया. आईनं काळा चष्मा कपाळावर सरकवला, कापड खिडकीपाशी नेलं, दोन्ही बाजूंनी बघितलं. ‘शाई झाली की गं ही,’ म्हणाली. तिच्या आजोळी हिरडा उकळून लोखंडाच्या भांड्यात ठेवायचे आणि त्याची शाई करायचे. तीच ही गंमत. चहात टॅनिन असतं, हिरड्यात तर भरपूर असतं, आणि टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग तयार होतो. कलमकारीवाले याच्यावरच चालतात. कापडाला आधी हिरड्याचं पाणी देतात आणि मग गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात मुरवून केलेल्या रंगानं रेघ ओढतात. रेघ कापडाला लागता लागता काळी होते. या रंगात एक खोट आहे, हा काळा वर्षानुवर्षं धागा खात राहतो. जुन्या छापील कापडांत बाकीची नक्षी शाबूत असते आणि काळं तेवढं विरून भोकं पडलेली असतात, ती त्यामुळे. आम्हाला काही वस्तुसंग्रहालयात ठेवायची नव्हती. हॅलोविनला काळं लागतंच. वटवाघळांची सोय फुकटात झाली.

भोपळा कसा काढायचा हा पुढचा प्रश्न. कोथरूडच्या भाजीवाल्याकडे भोपळा फोडींनी मिळतो. पावशेर, अर्धा किलो. अख्खा भोपळा बघायचा म्हणून रविवारी लेकीला घेऊन मंडईत गेले. त्या अष्टकोनी दगडी इमारतीत भोपळे ढिगानं होते, पण लेक हिरमुसली. कारण एकही नारिंगी नव्हता. आपलं डांगर बाहेरून हिरवट, मातकट, चट्ट्यापट्ट्यांचं. नारिंगीपणा सगळा आत. तिच्या डोळ्यांसमोर होता तो अमेरिकेतला, जो बाहेरूनच पेटलेला असतो. शेवटी आकार मंडईतला घेतला, बसका आणि फाकांचा, आणि रंग आईच्या बोचक्यातला. कुणाच्या तरी चोळीतून उरलेला नारिंगी खण निघाला, गुळेदगुड्डचा, बारीक ठिपक्यांचा. ‘ही बाई आता नाही,’ आई म्हणाली, आणि पुढं काही न सांगता तुकडा माझ्या हातात दिला.

‘पण भोपळाच का?’ तिनं लेकीला विचारलं. लेकीनं शाळेच्या प्रोजेक्टमधली सगळी माहिती ओतली. ३१ ऑक्टोबरची रात्र, दुसऱ्या दिवशी १ नोव्हेंबरला ख्रिस्ती संतांचा सण, २ तारखेला सगळ्या मृतात्म्यांचा. त्याच्याही मागं केल्ट लोकांचा सुगी संपून हिवाळा सुरू होण्याचा सण, साउइन. त्या रात्री मेलेल्यांची आणि जिवंतांची वेस पातळ होते अशी समजूत. आयर्लंडमध्ये लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. तिकडचे लोक अमेरिकेत गेले, तिथं सलगमापेक्षा मोठा आणि कोरायला सोपा भोपळा मिळाला, आणि सलगम मागं पडलं.

आईनं सगळं शांतपणे ऐकलं. ‘म्हणजे पितर जेवायला येतात तेव्हा भोपळा लागतोच,’ म्हणाली. श्राद्धाच्या स्वयंपाकात लाल भोपळ्याची भाजी असतेच आमच्याकडे. पंधरा दिवसांपूर्वीच झाली होती. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता. हॅलोविन म्हणजे उशिरा आलेला पितृपक्ष, त्यात कावळ्याऐवजी वटवाघूळ.

लेकीनं विचारलं, आपल्याकडे भुतं नसतात का? हे विचारायला नको होतं. मुंजा, हडळ, खवीस, समंध, जखीण, ब्रह्मराक्षस अशी यादी सुरू झाली. कोण कुठल्या झाडावर राहतं, कोण का मेलं, कोणाला काय दिलं की जातं. मुंजा म्हणजे मुंज झाली आणि लग्नाआधी गेला तो मुलगा, राहतो पिंपळावर. सगळ्यांचा राजा वेताळ, त्याच्या नावाची टेकडी आमच्या खिडकीतून दिसते. मग ओघानं शनिवारवाडा आला. १७७३ च्या गणेशोत्सवात तिथं नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि अजूनही रात्री ‘काका मला वाचवा’ ऐकू येतं म्हणतात, हे आईनं अशा बेतानं सांगितलं की त्या रात्री लेक माझ्या खोलीत झोपायला आली. उशीवरच्या भोपळ्याला घाबरायची आता काही सोय राहिली नव्हती.

तरी उशीवर काय असावं यावर खल झालाच. लेकीला हवं होतं तिकोनी डोळ्यांचं, दातांचं तोंड. आई म्हणाली, भोपळा काढताय तर आत म्हातारी पाहिजे. लेकीकडे जाताना वाटेत वाघ भेटतो, कोल्हा भेटतो, म्हातारी त्यांना परतीच्या वायद्यावर टाळते, लेकीकडे खाऊनपिऊन गुटगुटीत होते आणि येताना भोपळ्यात बसून सटकते. ही गोष्ट लेकीला माहीत होती, पण तिचा हॅलोविनशी संबंध असेल हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही. तडजोड झाली. भोपळ्याला एक डोळा तिकोनी, दात दोन, आणि दुसऱ्या डोळ्याच्या जागी खिडकी, तिच्यातून डोकावणारी म्हातारी. म्हातारीचं तोंड मांजरपाटाचं, केस कापसाचे. डोळ्यांसाठी लेकीनं बोचक्यातून शर्टाची दोन मोठी काळी बटणं काढली आणि शेजारी शेजारी ठेवली. आम्ही तिघीही एकदम हसलो. काळा चष्मा लावून लेकीकडे आलेली म्हातारी समोर सोफ्यावरच बसली होती.

आता बेतणं. सोळा इंची उशी. मी सतरा इंचांचा चौकोन आखला, चारही बाजूंना अर्धा इंच माया. शिवणीसाठी जे जादा कापड सोडतात त्याला शिंपीकामात माया म्हणतात.

‘एक इंच सोड,’ आई.

‘आई, उशी आहे. उशी काय बाळंतपणानंतर जाड होणार आहे?’

‘कापूस दबतो. उद्या जास्त भरावासा वाटला तर? एक इंच सोड.’

अठरा इंच घेतला. मागच्या बाजूला चेन लावायची नव्हती, म्हणून दोन तुकडे, १८ बाय १२ चे, मधल्या कडा दुमडून एकमेकांवर पाचेक इंच चढणारे. पाकिटासारखं तोंड. उशी आत सरकवली की आपोआप मिटतं. भोपळ्याचा देठ बारदानाचा. किराणावाल्यानं रिकामं पोतं दिलं आणि कशाला हवं म्हणून चौकशी केली. उशीला म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे जरा काळजीनं बघितलं. तरटाची एक खोड आहे, कातर लागली रे लागली की धागे सुटायला लागतात आणि देठ बघता बघता झाडू होतो. आईची युक्ती अशी की आधी मशीनवर आकाराच्या आतून टीप मारून घ्यायची आणि मग टिपेच्या बाहेर अर्धा इंच सोडून कापायचं. दशा टिपेपर्यंत सुटतात आणि तिथं थांबतात. ‘सुटू दे की, पण कुठवर सुटायचं ते आपण ठरवायचं,’ असं म्हणून तिनं मान फिरवली, कारण मी मारलेली टीप तिला बघवत नव्हती.

ऑपरेशनचा हा एक तोटा झाला. पिवळट पडदा गेला आणि तिला सगळं लख्ख दिसायला लागलं. निळा किती निळा असतो, भिंतीला पोपडे किती आलेत, गॅसच्या शेगडीमागं काय काय साठलंय, आणि माझे टाके.

भोपळा मांजरपाटावर हातानं लावायचा होता, काळ्या दोऱ्यानं, धावदोरा. गोधडीला असतो तोच टाका, सगळ्यात सोपा. सुई वर, सुई खाली. भरतकामाच्या दोऱ्याचे सहा पदर असतात, त्यातले तीन घेतले म्हणजे टाका ठसठशीत दिसतो. मी शिवत होते. एक टाका जोंधळ्याएवढा, पुढचा भेंडीएवढा, मध्येच एक भलतीकडे गेलेला. झकास गावठी दिसत होतं. आई दहा मिनिटं हाताची घडी घालून बसली. अकराव्या मिनिटाला म्हणाली, ‘दे इकडे. एकच वीत. डॉक्टरांना कोण सांगतंय.’

दिलं. ‘पण वाकडं हं,’ मी बजावलं.

‘कळलं गं.’

तिनं अंगुस्तान मागितलं, घरात नव्हतं, मग तशीच बसली. आणि मी बघत राहिले. सुई तिच्या बोटांत गेली की सुई दिसतच नाही, नुसता दोरा पुढं सरकताना दिसतो. वीतभर झाल्यावर तिनं कापड माझ्यापुढं धरलं. एक टाका लहान, एक मोठा, एक लहान, एक मोठा. एक डावीकडे कललेला, एक उजवीकडे, एक डावीकडे, एक उजवीकडे. वाकडा होता, पण असा वाकडा की साडीच्या काठावर नक्षी म्हणून चालला असता.

‘आई, हे सरळ आहे.’

‘वाकडं आहे की! बघ ना.’

‘एकसारखं वाकडं आहे.’

तिनं पुन्हा बघितलं. चष्मा काढून बघितलं. मग स्वतःच उसवलं, पुन्हा शिवलं. दुसऱ्या वेळी तिनं डोळेच मिटून घेतले. तरी तेच. ‘हात ऐकत नाही,’ म्हणाली, आणि कापड माझ्या मांडीवर टाकलं. आवाजात कौतुक नव्हतं, जराशी चीडच होती.

मला लहानपणची एक संध्याकाळ आठवली. कुणाकडची तरी मंगळागौर दुसऱ्या दिवशीवर आलेली आणि एक बाई शिवून नेलेला ब्लाऊज परत घेऊन आल्या. डावीकडची बाही सुताएवढी पुढं आली होती. मला तर दिसतही नव्हतं. त्या दारातूनच बोलल्या, जिन्यातल्या चार बिऱ्हाडांना ऐकू जाईल असं, आणि ब्लाऊज मशीनवर टाकून गेल्या. आईनं दोन्ही बाह्या उसवल्या, नुसती डावी नाही, दोन्ही. चाळीसच्या बल्बखाली बसून पुन्हा लावल्या. सकाळी मी शाळेत जाताना तो ब्लाऊज पोचवला. शिलाई त्या देणार नव्हत्याच आणि आईनं मागितलीही नाही. त्या काळी आमच्या घराचं भाडं कशावर चालायचं ते मला नंतर कळलं. अशा हाताला आता मी म्हणत होते, जरा वाकडं शिव ना, छान दिसतं.

बाकीचा भोपळा मीच शिवला. तो वीतभर तुकडा तसाच राहू दिला. उशीत अजूनही ओळखू येतो.

भरायला फायबर आणणार होते, तर आईनं जुन्या गादीतला कापूस काढायला लावला. उन्हात दोन दिवस तापवला, बोटांनी पिंजला. पाऊण किलोच्या आसपास गेला. कापसाची उशी जड होते, चेंडूसारखी उसळत नाही, पण टेकलं की डोकं बसतं आपल्या जागी. आधी चारी कोपऱ्यांत ठासायचा आणि मग पोटात, नाहीतर कोपरे कुत्र्याच्या कानांसारखे लोळतात.

शनिवारी सोसायटीचं हॅलोविन पार पडलं. पोरं घरोघर फिरली, तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी त्यांना चॉकलेटऐवजी चकल्या दिल्या, ‘पहिला घाणा आहे, खाऊन सांगा’ म्हणून. उशी सगळ्यांना आवडली. म्हातारी कोण असं एकानं विचारलं, तर लेकीनं त्याला सगळी गोष्ट सांगितली, वाघासकट.

खरं हॅलोविन गुरुवारी, ३१ तारखेला होतं. त्या वर्षी नेमकी तीच नरक चतुर्दशी. पहाटे पाचला उटणं, तेल, मोती साबण आणि न्हाणीघराच्या दाराशी मंडईतून आणलेलं कारीट. आईला एव्हाना डोक्यावरून अंघोळीची परवानगी मिळाली होती. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली तिनं कारीट फोडलं, बी जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं आणि लेकीला म्हणाली, ‘हे तुझ्या भोपळ्याचं चुलत भावंड, फक्त कडू.’ ते खरंच आहे. कारीट, कोहळा, दुधी, भोपळा, सगळे एकाच कुळातले. बाहेर आकाशकंदील, आत सोफ्यावर दोन दातांचा भोपळा. कुणालाच काही विचित्र वाटलं नाही.

भाऊबीज झाली आणि आई पेठेत परत गेली. बोचकं घेऊन.

डिसेंबरात लेकीनं उशीवर कोको सांडला. खोळ काढली, धुण्याआधी उलटी केली आणि तशीच बाथरूमच्या दारात उभी राहिले. आतल्या शिवणी मी तशाच सोडल्या होत्या, कच्च्या. उशीच्या आत कोण बघतंय? आता चारही बाजूंची ती एकेक इंच माया नीट दुमडलेली होती आणि कडेनं बिस्किटी दोऱ्याची हातशिलाई. टाके इतके बारीक की बोट फिरवल्यावर लागत होते, दिसत नव्हते. समोरची बाजू, माझी, तिनं हातही न लावता तशीच ठेवली होती.

फोन केला.

‘कधी केलंस हे? थेंब चालू होते तेव्हा?’

‘दुपारचे थेंब दोनला असायचे,’ आई म्हणाली. ‘जेवण बाराला. मधले दोन तास डोळा रिकामाच असायचा.’

‘आणि डॉक्टर?’

‘झालं का ते डावीकडच्या कोपऱ्यातलं?’ तिनं विचारलं. ‘तिथं चार टाके राहिलेत बघ. तेवढ्यात तुझी लिफ्ट वाजली.’